दोन शब्द



"आता आपण दोन शब्द बोलावेत," हे वाक्य तुमच्या वाट्याला कधी ना कधी येणार आहे. कदाचित आलेही असेल. कार्यालयातील सहकारी निवृत्त होतो, भाचीचा साखरपुडा ठरतो, वडिलांची एकसष्टी येते, शेजारची मुलगी परिचारिका होऊन पहिल्या नोकरीला निघते. शाल-श्रीफळ देऊन होते, फुले देऊन होतात आणि मग कोणीतरी ध्वनिक्षेपक तुमच्यापुढे धरतो. अशा वेळी दोनच गोष्टी घडताना मी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. एक तर माणूस "मला काही बोलता येत नाही" असे म्हणून हात जोडतो आणि बसतो. नाहीतर उभा राहतो आणि वीस मिनिटे बसत नाही. त्यातली पहिली पाच मिनिटे व्यासपीठावरील मान्यवरांची नावे घेण्यात जातात आणि शेवटची पाच मिनिटे वेळेअभावी अधिक बोलता येत नाही हे सांगण्यात जातात. ज्याच्यासाठी सगळे जमले, तो मधल्या जागेत कुठेतरी हरवतो.

पत्र, सारांश, निबंध या लेखनप्रकारांचा तुम्ही अभ्यास करता. 'दोन शब्द' हा मात्र आपोआप येणारा प्रकार आहे, असे आपण गृहीत धरतो. तो आपोआप येत नाही. त्याचा सराव करावा लागतो आणि तो सराव नेमका कशाचा, हे सांगण्यासाठी मी हे लिहीत आहे.

इंग्रजीत या प्रकाराला टोस्ट म्हणतात. इंग्लंडात पूर्वी मद्याच्या पेल्यात भाजक्या पावाचा तुकडा घालण्याची चाल होती. पुढे ज्या व्यक्तीच्या नावाने पेला उंचवायचा, त्या व्यक्तीसाठी आणि तिच्याविषयी बोलायच्या चार वाक्यांसाठीही तोच शब्द रूढ झाला. पाव गेला, शब्द राहिला. आपल्याकडे पेल्याच्या जागी बहुधा चहाचा कप असतो आणि तोही भाषणे संपल्याखेरीज येत नाही.

मी मनोरला राहते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे, वैतरणेच्या काठचे हे गाव. पालघर, वाडा, विक्रमगड या बाजूंचे रस्ते याच परिसरात महामार्गाला मिळतात. मस्तान नाक्यावर दिवसभर गाड्यांची आणि माणसांची ये-जा असते. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळीला जाणारे, पालघरला जिल्ह्याच्या कामासाठी निघालेले, पाड्यांवरून बाजाराला आलेले असे सगळे तिथे भेटतात. याच गावात आमचे एक लहानसे वक्तृत्व मंडळ आहे. महिन्यातून दोन रविवारी शाळेच्या एका वर्गात आम्ही पंधरा-सोळा जण जमतो. त्यात एक शिंपी आहेत, एक आरोग्यसेविका आहे, बोईसरला काम करणारा एक फिटर आहे, ग्रामपंचायतीतील एक कर्मचारी आहेत, आश्रमशाळेतील एक शिक्षक आहेत. वक्ता होण्याची हौस यांपैकी फारच थोड्यांना आहे. बहुतेकांना एवढेच हवे आहे की चार लोकांत उभे राहिल्यावर पाय कापू नयेत.

चार लोकांत बोलणे ही शिकण्याची विद्या आहे, ही जाण महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्यानंतर गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या, शाळाशाळांत वक्तृत्वस्पर्धा आल्या. तथापि व्याख्यान हे विषयावर असते, तर 'दोन शब्द' माणसावर असतात. त्यासाठी आम्ही दुसरीकडून काही गोष्टी घेतल्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता आना या गावी राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये टोस्टमास्टर्स हा मेळावा सुरू केला. आज त्याच्या शाखा जगभर आहेत. तिथे भाषणाइतकेच महत्त्व ऐकण्याला असते. एक जण घड्याळ लावून बसतो आणि हिरवा, पिवळा, लाल असा इशारा देतो. एक जण वक्त्याच्या तोंडी येणारे 'अं' आणि 'अँ' मोजतो. एक जण भाषणाचे गुणदोष वक्त्याच्या समक्ष सांगतो. आम्ही या तिन्ही गोष्टी उचलल्या. आमच्याकडे मोजणाऱ्याचे काम जरा अधिक आहे, कारण 'अं'खेरीज 'म्हणजे', 'काय आहे की' आणि 'खरं सांगायचं तर' हेही त्याला मोजावे लागतात.

आता सरावाविषयी. आमच्या मंडळात गौरवाच्या भाषणाला तीन मिनिटे मिळतात. संथपणे बोलल्यास तेवढ्यात तीनशे-साडेतीनशे शब्द बसतात, म्हणजे वहीची दीड-दोन पाने. पहिला नियम असा की व्यक्ती तुमच्या रोजच्या पाहण्यातली असली पाहिजे. राष्ट्रपुरुषांवर बोलता येणार नाही. दुसरा नियम अधिक कठीण आहे. फळ्यावर एक यादी लिहिलेली असते : मनमिळाऊ, कष्टाळू, प्रेमळ, हसतमुख, शांत स्वभावाचे, सर्वांना सांभाळून घेणारे. यांतील एकही शब्द भाषणात येता कामा नये. नवा सदस्य ही यादी पाहतो आणि म्हणतो, "मग बोलायचे तरी काय?" शिंपीकाका त्याला विचारतात, "तुमचं भाषण ऐकून मी त्या माणसाला बाजारात ओळखू शकेन का?"

याच प्रश्नातून आमची 'नावबदल' ही कसोटी निघाली. भाषण लिहून झाले की त्यातील व्यक्तीचे नाव खोडून दुसऱ्या कोणाचे तरी नाव घालायचे आणि पुन्हा वाचायचे. ते तितकेच चांगले वाटले, तर ते भाषण कोणाचेच नाही. "पाटीलसाहेबांनी आपले संपूर्ण आयुष्य सेवेसाठी वेचले" या वाक्यात पाटीलसाहेबांच्या जागी कोणीही बसू शकतो. "पाटीलसाहेब टपालाच्या पाकिटाची कोरी बाजू कापून तिच्यावर रजेचा हिशेब ठेवत" या वाक्यात मात्र एकच माणूस बसतो. पहिले वाक्य लिहायला भाषा पुरते. दुसऱ्या वाक्यासाठी त्या माणसाकडे पाहिलेले असावे लागते. म्हणून आम्ही लिहिण्याआधी यादी करतो : या व्यक्तीला काय काय करताना मी स्वतः पाहिले, अशा दहा गोष्टी. दहा सुचेपर्यंत बहुतेकांचा आठवडा जातो आणि तो आठवडा हाच खरा सराव असतो.

आपल्या परंपरेत हे कौशल्य नव्हते असे समजू नका. लग्नात नाव घेण्याची चाल पाहा. उखाणा हा चार लोकांत, एका श्वासात, एका माणसाचे नाव घेऊन केलेला गौरवच आहे. पाठ केलेला उखाणा ऐकून मंडळी कौतुकाने हसतात; घरातली एखादी खूण गुंफून जागीच रचलेला उखाणा मात्र पुढे अनेक वर्षे सांगितला जातो. आमच्या भागातील वारली समाजात लग्नविधी पुढे नेण्याचा मान धवलेरीचा असतो. ही स्त्री असते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखलेला असतो, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरी गाणी म्हणत एकेक विधी पार पाडते. तिच्या हाती कागद नसतो. कोणासाठी, कोणासमोर, कोणत्या क्षणी काय म्हणायचे, याचे भान तिला असते. आम्ही वर्गात फळ्यासमोर जे शिकू पाहतो, ते तिने अंगणात मिळवलेले असते.

मात्र 'दोन शब्दां'ना इतर सर्व भाषणांपासून वेगळी करणारी एक गोष्ट आहे आणि ती कळायला मला बराच काळ लागला. आपण माणसांविषयी मोकळेपणाने चांगले बोलतो ते बहुधा ती गेल्यावर. दहाव्याला नदीकाठी, शोकसभेत, वर्तमानपत्रातील चौकटीत. तिथे अतिशयोक्ती खपून जाते, कारण सांगितलेले खरे की खोटे हे ज्याला पक्के ठाऊक, तो ऐकायला नसतो. गौरवाच्या भाषणात तो समोरच्या खुर्चीत बसलेला असतो. सभेतील बाकी सगळे तुमची भाषा तोलतात. तो एकटा तुमचा खरेपणा तोलतो. त्याने मान हलवली तर भाषण झाले. तो संकोचून हाराकडे पाहू लागला, तर टाळ्या कितीही पडोत, भाषण झाले नाही. हे ध्यानात आले की पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात. काय सांगावे? त्याला ओळखू येईल ते. किती सांगावे? त्याला चार लोकांत पेलेल तेवढे. कोणत्या भाषेत सांगावे? त्याला कळेल त्या.

'पेलेल तेवढे' याचे एक उदाहरण देते. आमच्या फिटर मित्राबरोबर कारखान्यात एक वयस्क कामगार होते. सगळे त्यांना काका म्हणत. ते कंत्राटी होते. कंत्राट संपले आणि अठरा वर्षांनी त्यांचे काम थांबले. निरोपसमारंभ कायम कामगारांसाठी होत असे; काकांसाठी होणार नव्हता. तेव्हा चार-पाच जणांनी शेवटच्या पाळीनंतर चहाच्या टपरीवर जमायचे ठरवले आणि बोलण्याचे काम आमच्या मित्रावर आले. त्याने मंडळात मजकूर वाचून दाखवला. त्यात काकांच्या घरातील एका मोठ्या दुःखाचा उल्लेख होता आणि ते सोसून ते कसे कामावर येत राहिले, हे होते. ऐकताना आमचे डोळे भरून आले. आरोग्यसेविका म्हणाली, "आपल्याला रडू आलं हे ठीक. पण काकांनी हे तुम्हाला एकट्याला सांगितलं होतं ना?" त्याने तो भाग काढून टाकला.

टपरीवर त्याने एवढेच सांगितले की कोणत्याही पाइपाला हात लावण्यापूर्वी काका हाताची उलटी बाजू जवळ नेऊन धग घेत आणि मगच पुढे होत. "मला हे कोणी शिकवलं नाही. मी तुमच्याकडे बघून करायला लागलो. आज माझ्या हाताखालचा पोरगाही तसंच करतो, त्याला तुमचं नाव माहीत नाही. ते मी त्याला आज सांगितलं." काकांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला आणि स्वतःचा हात उलटा करून पाहिला. मग त्यांनी तो कागद मागून घेतला, घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला आणि घरी गेले. तिथे ध्वनिक्षेपक नव्हता, हार नव्हता. महामार्गाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजामुळे दोनदा थांबावे लागले, असे आमच्या मित्राने नंतर सांगितले.

भाषेचा प्रश्न आश्रमशाळेतील शिक्षकांनी उभा केला. ते वारली समाजातील. त्यांना थोरल्या बहिणीविषयी बोलायचे होते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे, असे करून तिने त्यांना शिकवले. बहिणीला अक्षर येत नसे. भट्टीवरून परतली की ती भावाला निकालपत्रक मोठ्याने वाचायला लावी आणि एकेका विषयाला एकेक बोट मिटे. कमी गुणांचा विषय त्यांनी गाळला, की तिचे एक बोट उघडे राही आणि ती ते बोट त्यांच्यापुढे धरी. प्रसंग असा बोलका होता, तरी प्रमाण मराठीत सांगताना भाषण कोरडे होत होते. ते म्हणाले, "या भाषेत माझी ताई सरकारी अर्जातली वाटते. मी वारलीत बोललो तर चालेल का?" मंडळात दोन मते पडली. काहींचे म्हणणे असे की आपण इथे शुद्ध मराठी बोलायला शिकण्यासाठी येतो. मी भाषेची शिक्षिका, म्हणून सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी विचारले, "भाषण कोण ऐकणार आहे?" ते म्हणाले, "ताई." मग प्रश्नच उरला नाही. त्यांनी वारलीत भाषण केले. आमच्यापैकी काहींना दोन-तीन शब्दांचे अर्थ विचारावे लागले. उघड्या बोटाचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. पुढे बहिणीच्या घरी, तिच्या मुलाच्या लग्नात, तेच भाषण झाले. पदवीचा अभ्यास करताना तुम्ही प्रमाणभाषा आत्मसात करालच. ती तुमच्या कामाची आहे. तिच्यासाठी घरची भाषा दाराबाहेर ठेवावी लागते असे मात्र समजू नका. कोणापुढे कोणती भाषा न्यावी हे ओळखणे, हाही भाषेच्या अभ्यासाचाच भाग आहे.

शेवटचे उदाहरण माझे स्वतःचे आहे आणि ते तुमच्याच वाटेवरचे आहे. लग्नानंतर, मुले लहान असताना, मी मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. तेव्हा पालघर हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो २०१४ मध्ये झाला. रविवारी संपर्कसत्रासाठी एस.टी.ने वाघोबा खिंड ओलांडून पालघरला जायचे आणि दिवेलागणीला परतायचे. सासूबाई त्याविषयी काही बोलत नसत. शिक, असेही म्हणाल्या नाहीत. कशाला शिकतेस, असेही म्हणाल्या नाहीत. पुढे त्यांच्या पंचाहत्तरीला अंगणात शेजारीपाजारी जमले आणि 'दोन शब्द' माझ्यावर आले. घरात आम्ही दोघी रोज बोलत होतो. पण सुनेने सासूविषयी उभे राहून बोलायचे, तेही सासूच्या देखत, ही गोष्ट आमच्या अंगणात नवी होती. माझ्या यादीत दहा गोष्टी होत्या. त्यांपैकी नावबदलाच्या कसोटीला उतरलेली एकच मी सांगितली.

मी म्हणाले, "आईंना खोटे बोललेले खपत नाही. नातवंडांना त्यासाठी मार बसलेला आहे. पण माझ्या परीक्षेआधीचे दोन महिने त्या रोज खोटे बोलत. मी मागच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेली असे आणि दाराशी कोणी आले की मला त्यांचा आवाज ऐकू येई, 'सून घरात नाही, बाजारात गेली.' तीन वर्षे त्यांनी मला बाजारात पाठवले आणि मी एकदाही गेले नाही."

अंगणात हशा पिकला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या खुर्चीतूनच म्हणाल्या, "दोन नाही गं, तीन महिने. शेवटच्या वर्षी तर चार." समोरच बसलेल्या शेजारच्या मावशींनी विचारले, "म्हणजे मी कुरडया घेऊन आले होते, तेव्हा ही घरात होती?" "होती," सासूबाई म्हणाल्या, "आणि कुरडया तिनेच खाल्ल्या."

वक्तृत्वाच्या हिशेबाने पाहिले, तर माझे भाषण मध्येच तुटले. लिहून ठेवलेला समारोप तसाच राहिला. पण ज्या व्यक्तीविषयी बोलायचे, तिनेच हिशेब तपासून दुरुस्त करून द्यावा, याहून मोठी पावती या प्रकारात मिळत नाही. मागच्या खोलीतून मला सारे ऐकू येत होते, हे त्यांना त्या दिवशी कळले. त्यांनी महिने मोजले होते, हे मला त्या दिवशी कळले. त्या गेल्या त्याला आता काही वर्षे झाली. दहाव्याला पुष्कळ जण त्यांच्याविषयी चांगले बोलले आणि मी गप्प बसू शकले, कारण माझे सांगून झाले होते.

मित्रहो, तुम्ही हे वाचत आहात, त्या अर्थी तुमच्याही घरात किंवा कामाच्या जागी कोणीतरी दाराशी उभे असेल. तुमच्या वाटणीचे काम करणारे, पाळी बदलून देणारे, मुलांना दुपारभर सांभाळणारे. कधीतरी तुम्हाला त्या व्यक्तीविषयी बोलायला सांगितले जाईल; नाही सांगितले, तर आपण होऊन उभे राहावे लागेल. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर आजच एक नाव लिहा आणि खाली एक ते दहा आकडे घाला. महिनाभरात आकड्यांपुढे काय जमते ते पाहा. फळ्यावरच्या यादीतील शब्द वर्ज्य करा. जे चारचौघांत सांगण्यासारखे नाही, ते खोडा. जे कोणाच्याही नावावर खपेल, तेही खोडा. उरेल ते दोनदा मोठ्याने वाचा, म्हणजे कुठे श्वास अपुरा पडतो ते कळेल.

आणि प्रत्यक्ष बोलताना मान्यवरांच्या यादीने सुरुवात करू नका, क्षमा मागू नका, कागदाकडे पाहावे लागले तरी लाजू नका. त्या व्यक्तीकडे तोंड करून उभे राहा. पाहिलेली एक गोष्ट सांगा. मग तिचे नाव घ्या आणि खाली बसा.